भाच्याचा हरणासोबतचा फोटो, आणि आमच्या हॉलमधला बिबट्या

चरईची मावशी

नमस्कार मंडळी. कुठल्या धाग्यात विचारावं कळेना, म्हणून नवीनच काढला. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, विस्कॉन्सिनला असतो. बारा वर्षं झाली, ग्रीनकार्डही आलंय. ठाण्यात असताना झुरळ मारायलासुद्धा आईला हाक मारायचा. तिकडे ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने दोन वर्षांपूर्वी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. थँक्सगिव्हिंगच्या आसपास त्यांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन असतो. त्यात यंदा त्याला पहिलं हरीण मिळालं.

आणि त्याने फेसबुकवर फोटो टाकला. जमिनीवर भुरभुर बर्फ, मागे निष्पर्ण झाडं, हा गुडघ्यावर बसलेला. भडक भगवं जाकीट आणि टोपी (आधी मला वाटलं कुठल्या मिरवणुकीत आहे), दोन्ही हातांनी नराची शिंगं धरलीत आणि बत्तीस दात बाहेर. हरणाचे डोळे उघडे. खाली लिहिलंय, 'पहिलं हरीण, शिंगांना आठ टोकं.' आणि टॅग सगळ्यांना: मला, मामाला, कोथरूडच्या आत्याला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर ४३ माणसं आहेत, आणि गणपतीच्या आरतीच्या वेळेवरूनसुद्धा एवढे मेसेज येत नाहीत. आत्या ग्रुप सोडून गेली. एका काकांनी 'काळवीट प्रकरण आठव' असं लिहून तीन लाल दिवे टाकले. भाच्याने समजावलं की तिकडे हे कायदेशीर आहे, मांस आम्हीच खाणार आहोत, फ्रीझर भरलाय. त्यावर काका म्हणाले, खा पण दाखवू नकोस. आमच्या सोसायटीतल्या बाई लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "तुमच्या भाच्याचं बघितलं हो." त्या 'हो'मध्ये जे होतं ते इथे टाइप करता येत नाही.

भाच्याने रात्री फोन केला. "मावशी, काढू का? काढतो. पण का काढू ते सांग."

मला सांगता आलं नाही. आम्ही सीकेपी. रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभी राहणारी मी, आणि खाटकाला 'नळी घाल, चरबी काढ' हे सांगताना समोर काय टांगलंय ते दर वेळी बघते. मला हरीण मेल्याचं वाईट वाटलं का? थोडं. जास्त त्रास झाला तो त्याच्या हसण्याचा. पण पोरगं दोन वर्षं शिकलं, पहाटे चारला थंडीत जाऊन बसलं, त्याने हसायचं नाही?

आणखी एक गोष्ट. आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, माझ्या आजोबांचा फोटो आहे. १९५७ साल, मुरबाडकडे आमची थोडी जमीन होती तिथला. आजोबा खाकी हाफपँटीत, हातात बंदूक, पायाशी बिबट्या. लहानपणापासून येणारा प्रत्येक पाहुणा त्या फोटोपुढे उभा राहून 'वा' म्हणत आलाय. भाचा मोठा झाला याच फोटोखाली गृहपाठ करत. त्या बिबट्याचं कातडंसुद्धा पोटमाळ्यावर ट्रंकेत आहे अजून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं.

मग त्याला काय सांगू?

शेवग्याची_शेंग

काढायला सांगा. मेलेल्याच्या शेजारी बसून हसू नये, माणूस असो की जनावर. यात शाकाहार-मांसाहार आणू नका. मी शाकाहारी आहे, पण तुमच्या मटणाच्या रांगेवर माझा आक्षेप नाही. खाटिक बोकडाबरोबर सेल्फी काढत नाही.

दिवाळेकर_गळवाला

मावशी, मी दिवाळे कोळीवाड्यातला. धंदा आता ऑफिसचा, पण खाडी सुटत नाही. रविवार, भरतीची वेळ आणि गळ जुळला की मी गेलोच.

मागच्या पावसाळ्यात मला जिताडा लागला, साडेसहा किलो. मी काय केलं? दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दात काढले. तुमच्या भाच्यासारखंच, फक्त जाकीट भगवं नव्हतं. २१२ लाइक आले. वरच्या शेवग्याच्या शेंगेसारखी शाकाहारी माणसंपण त्यात होती, 'भारी रे' म्हणून गेली. जिताड्याचा डोळापण उघडाच असतो हो. माशाला पापणीच नाही, मिटणार कुठून!

म्हणजे मेलेल्याशेजारी हसायचं नाही हा नियम खरा नाहीये. हरीण आपल्याला गोष्टीच्या पुस्तकातून माहीत, जिताडा ताटातून. मी कोणाला चूक म्हणत नाही, पण हे आधी कबूल करा आणि मग बोला.

आता माझी बाजूची गोष्ट. तो फोटो मी टाकला आणि पस्तावलो. मागे पुलाचा खांब आणि एक मोडकी जेट्टी दिसत होती. पुढच्या रविवारी माझ्या जागेवर नऊ जण, कोणी कोपरखैरण्याचा, कोणी डोंबिवलीचा. एकाने तर मोबाइलवर माझाच फोटो उघडून मला विचारलं, "दादा, ही जागा हीच ना?" आता मी फोटो घरी मोरीत काढतो. मागे बादली.

विहारी_येऊर

मावशी, हरणावर नंतर बोलू. तुमच्या पोस्टचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचून मी खुर्चीतून उठलो.

मी ठाण्यात वसंत विहारला राहतो, गेली काही वर्षं येऊरच्या जंगलाच्या बाजूला वन्यजीवांच्या कामात हातभार लावतो. वकील नाही, पण ही कलमं पाठ झालीत. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कातडं आजोबांच्या काळात मारलेल्याचं असलं, तरी ते बाळगायला वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. वारशाने मिळालं असेल, तर मिळाल्यापासून नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करायचं असतं. आधी न सांगितलेल्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये केंद्र सरकारने सगळ्यांना एक खिडकी उघडून दिली होती. ती केव्हाच बंद झाली.

आणि तुम्ही ते इथे जाहीरपणे लिहिलंत, चरईच्या पत्त्यासकट. संपादकांना सांगून ते वाक्य काढून घ्यावं असं आधी वाटलं होतं, पण आता एवढ्या लोकांनी वाचलंय. त्यापेक्षा सरळ मार्ग बरा. आजोबांच्या नावाचा वनखात्याचा काही कागद घरात आहे का, ते आधी शोधा. मग वकील गाठा, मग वनखातं. ट्रंकेतून काढून कुणाला 'बघायला' देऊ नका, कुणाकडे हलवू नका, आणि विकायचा विचार तर स्वप्नातही नको. कागद असेल आणि ठेवायचं नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर सात कामाच्या दिवसांची नोटीस देऊन ते शासनाकडे जमा करता येतं. मोबदला मिळत नाही.

आता फोटोचं. तुमच्या भाच्याने तिकडे टाकलेला फोटो हा आनंदाचा फोटो आहे. तोच फोटो आपल्याकडे कुणी टाकला, तर तो कबुलीजबाब आहे. ससा, घोरपड धरून रील बनवणारी पोरं त्यांच्याच रीलमुळे सापडतात. वनखात्याला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. घोरपडही पहिल्या अनुसूचीतच आहे, तीन ते सात वर्षं तुरुंग. पोरांना हे ठाऊक नसतं. त्यांनी फीडमध्ये असेच परदेशी फोटो पाहिलेले असतात आणि त्यांना वाटतं बंदूक, प्राणी, स्माईल, झालं. म्हणून मला या फोटोंची भीती वाटते. भाच्याचा दोष नाही, पण फोटोवर 'हे फक्त विस्कॉन्सिनमध्ये' असं लिहिलेलं नसतं.

आमच्या जंगलात बंदुकीपेक्षा फासकी जास्त. डुकरासाठी लावतात, अडकतो बिबट्या. त्याचे फोटो मी पाहिलेत. ते कुणी टॅग करत नाही.

घणसोली_रिटर्न

मी नऊ वर्षं मिनेसोटात होतो, तुमच्या भाच्याच्या शेजारच्या राज्यात. बंदूक कधी धरली नाही, पण माझा टीम लीड दर नोव्हेंबरला दहा दिवस गायब व्हायचा आणि आम्हाला सॉसेज आणून द्यायचा. त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो, कारण इथे सगळे एकाच फोटोकडे बघतायत.

भगवं जाकीट नियमानेच असतं, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरीण पाडलं की टिपलेल्या जागीच पोट साफ करायचं, तेही थंडीत, कोपरापर्यंत हात घालून. मग ओढत गाडीपर्यंत आणायचं. विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते. हरणांमध्ये मेंदूचा एक रोग पसरलाय, वजन झडत जाऊन जनावर मरतं, म्हणून बरेच जण तपासणीसाठी डोकं देतात आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाहीत. बंदुका-काडतुसांवर केंद्राचा कर आहे, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्यापासून तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शिकारीला विरोध करणाऱ्या तिकडच्या लांडगेप्रेमींनाही हे मान्य करावं लागतं, भले दात-ओठ खात का होईना.

फोटोबद्दल शिकाऱ्यांमध्येच मोठं भांडण आहे हे इथे कुणाला माहीत नसेल. माझा टीम लीड पोराला शिकवायचा: रक्त पुसून घे, जीभ बाहेर लोंबत असेल तर आत घाल, जखम दिसणार नाही अशी बाजू धर, बंदुकीची नळी कुणाकडे नको, आणि जनावरावर बसायचं नाही, कधीच नाही. गाडीच्या टपावर बांधून गावभर मिरवायचं नाही. कारण मतदान शिकार न करणारेसुद्धा करतात. तो स्वतः फोटो काढायचा, फ्रिजवर चिकटवायचा. फेसबुकवर नाही.

२०१५ चं सिंहाचं प्रकरण आठवतंय? झिम्बाब्वेतला सेसिल. मारणारा मिनेसोटाचाच दंतवैद्य होता. आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. लोकांनी त्याचे आधीच्या शिकारींचे जुने फोटो शोधून काढले आणि ते फिरवले. दवाखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला त्याला. कुठल्या फोटोचा हिशेब कधी मागितला जाईल सांगता येत नाही. भाचा नोकरी करतो, एवढं तरी त्याच्या कानावर घाला.

शेवग्याची_शेंग

जिताड्याला पापणी नसते हे मला माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच.

जुना_बाड

इथे कुणीतरी जुन्या फोटोंच्या बाजूने बोलायला हवं, म्हणून येतो.

१९४७ साली कोरियाच्या महाराजांनी, म्हणजे आत्ताच्या छत्तीसगडात, एका रात्रीत तीन चित्ते मारले. त्यांचा फोटो काढला आणि मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेच्या जर्नलकडे पाठवला. कौतुकाने पाठवला असणार. आज आपण म्हणतो की भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची खात्रीची नोंद ती, तेव्हा आपण त्याच फोटोकडे बोट दाखवत असतो. मिरवायला काढलेला फोटो पंचनामा होऊन बसला. १९५२ मध्ये चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

दुसरं, १९६१. एलिझाबेथ राणी भारतात आलेली, जयपूरच्या महाराजांनी रणथंबोरला शिकार ठेवली, राणीच्या नवऱ्याने, फिलिपने, वाघ मारला. मेलेल्या वाघामागे सगळे राजेशाही थाटात उभे, असा फोटो छापून आला आणि इंग्लंडात बोंब झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी वन्यजीव वाचवणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या ब्रिटनच्या शाखेचा पहिला अध्यक्ष हाच फिलिप. अशा शिकारी शतकभर चालू होत्या. ओरड झाली ती फोटो छापला म्हणून.

तेव्हा मावशी, 'दाखवू नकोस' म्हणणाऱ्या तुमच्या काकांना विचारा, नक्की कोणाची सोय बघताय? दिसलं नाही तर आपण बोलणारही नाही. मी तर म्हणेन भाच्याने फोटो ठेवावा आणि सोबत पोट साफ करतानाचापण टाकावा.

दिवाळेकर_गळवाला

बाड काका, तो टाकला तर मावशींच्या ग्रुपवर ४३ चे ४ उरतील.

चरईची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, कारण विहारींच्या प्रतिसादानंतर मी पोटमाळ्यावरच होते.

कागद सापडला. कातड्याच्या ट्रंकेत नाही, आजोबांच्या रेशनकार्डाच्या पाकिटात. वनखात्याचा शिक्का आहे, आजोबांचं नाव आहे. त्यांच्यानंतर बाबांनी काहीही केलेलं नाही, आणि बाबा जाऊन वीस वर्षं झाली. वकिलांनी कागद बघून बराच वेळ 'हं' केलं. अर्ज तयार होतोय. कातडं जमाच करायचं, हे माझं आणि भावाचं एका मिनिटात ठरलं. इतक्या पटकन आमचं दुसरं काहीही ठरलेलं नाही, आईच्या मोतीबिंदूचंसुद्धा नाही. आणि हो, मी ते वाक्य इथे लिहायला नको होतं, मान्य. पण लिहिलं नसतं तर आणखी वीस वर्षं डांबराच्या गोळ्याच बदलत बसले असते.

ट्रंक उघडी होती तेव्हा आई (ती अठ्ठ्याऐंशीची आहे, माझ्याकडेच असते) खुर्ची ओढून बसली. कातड्याकडे फार बघितलं नाही. फ्रेम खाली काढायला सांगितली आणि भिंग मागितलं. ती तेव्हा नवी सून होती, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बिबट्याने वाडीतल्या शेळ्या नेल्या होत्या, कुत्री संपवली होती, म्हणून आजोबा मचाणावर बसले. हे आम्ही शंभरदा ऐकलंय. न ऐकलेलं हे, की बिबट्या पडला रात्री आणि फोटोग्राफर आला दुसऱ्या दिवशी दुपारी, कल्याणहून, एसटीने. तोवर तो ताठ झाला होता. मुंग्या लागल्या होत्या. आईने आणि जाऊबाईंनी रॉकेलच्या फडक्याने त्या पुसल्या, सासऱ्यांची शिकार नीट दिसावी म्हणून. मान वर राहीना, तर मागून काठीचा टेकू दिला.

फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आहे. पन्नास वर्षं मी ते बघतेय, मला वाटायचं झाडाची फांदी. ते कोपर काठी धरून बसलेल्या ठाकराचं. माग त्यानेच काढला होता. तोंड मिटवून जीभ आत घालायचं कामही त्यानेच केलं, दोन बोटांनी. आईला त्याचं नाव आठवलं. कल्याणच्या फोटोग्राफरने त्याला दोनदा सांगितलं, थोडा सरक.

भाच्याचं म्हणाल तर, मी त्याला 'काढ' म्हणाले नाही. हा सगळा धागा पाठवला. त्याने फोटो सगळ्यांसाठी होता तो मित्रांपुरता केला आणि टॅग काढले. मला विचारलं तर एवढं पुरे. ज्याला त्याची पहाट माहीत आहे त्याने बघावा, लिफ्टमधल्या बाईंसाठी तो काढलेला नव्हता. आत्या अजून ग्रुपवर परत आलेली नाही. काका म्हणतात, उशिरा सुचलेलं शहाणपण. बाड, तुमची सूचना त्याला आवडली आणि मी ती मोडून काढली.

काल रात्री व्हिडिओ कॉल झाला. आईने मोबाइल डोळ्याला लावूनच धरला होता, त्याला बहुतेक फक्त तिचं नाक दिसत असणार. म्हणाली, "तुझ्या हरणाचं तोंड नीट मिटलंय. कोणी मिटवलं?"

तो म्हणाला, "मीच, आजी."

"बरं केलंस," म्हणाली. आणि मग अर्धा तास वाटण. हरणाला चरबी नसते, तेव्हा तेल हात सैल सोडून घाल, आलं-लसूण रात्रीच लावून ठेव, खोबरं काळपट होईस्तोवर भाज, आणि ते तपासणीचं काय ते उत्तर येईपर्यंत फ्रीझर उघडू नकोस.